खुंट्या, कंपू रोड

शफीकभाईंनी सकाळीच सहा हृदयं पाठवली,
बोकडाची, स्टीलच्या डब्यात, वर बर्फ.
(कलेजी नाही, दिल, हे त्यांना दरवेळी बजावावं लागतं.)
गेल्या मे महिन्यातली गोष्ट. अकरालाच लू सुटलेली,
खिडकीत किल्ला पांढुरका, नुसती कड उरलेला.
रामसनेहीने नळाखाली रक्त धुतलं,
अंगठा घालून गुठळ्या काढल्या
आणि डाव्या कप्प्याला लांब चीर दिली,
भाजीवाली वांगं उघडून दाखवते तशी:
कीड नाही, बघून घ्या.

आत दोन.
करंगळीच्या टोकाएवढे, भिंतीतून वर आलेले मांसाचे कोंब.
प्रत्येकाच्या शेंड्याला पांढऱ्या दोऱ्यांचा जुडगा,
दोऱ्या वर झडपेच्या पाळ्यांना.
पुस्तकात त्यांना पॅपिलरी स्नायू म्हणतात.
मराठीत काय, मला माहीत नाही.
घरी मराठी, बाजारात हिंदी, वर्गात इंग्रजी,
अशा आमच्या ग्वाल्हेरी तोंडात
रामसनेहीचाच शब्द बसला: खूँटी.

हे गावच तसं.
छावणी पडली, तंबू ठोकले, उद्या हलायचं म्हणून,
आणि कोणी हललंच नाही.
लष्कर हे नाव राहिलं, कंपू हे नाव राहिलं.
माझे एक खापरपणजोबा म्हणे तंबूंचा हिशेब ठेवायचे,
कनाती इतक्या, दोर इतके.
खुंट्या मोजत नसत.

दरवर्षी कोणीतरी विचारतंच,
तेव्हा नीरज भदौरियाने विचारलं:
मॅडम, म्हणजे झडप हे लावतात?
नाही. झडप रक्तच लावतं, स्वतःच्या रेट्याने.
हे फक्त तिला उलटू देत नाहीत,
वाऱ्यात छत्री उलटते ना, तशी.
भिंत आवळायच्या क्षणभर आधी हे आवळतात,
दोऱ्या ताणून धरतात,
मग येऊ दे लोंढा यायचा तो.
आणि कुठलीच खुंटी एका पाळीची नसते.
दोन्हींना धरते, हिलाही, तिलाही.
सासर-माहेर, असं मी म्हणाले.
मुली हसल्या. मुलग्यांनी वहीत लिहून घेतलं.

पुढच्या खुंटीला दोन धमन्या रक्त आणतात,
मागचीला बहुधा एकच.
अधोरेखित करा, हे येतं.

डिसेंबरात आलं.
रामसनेहीच्या छातीत.
झटका खालच्या भिंतीला, तिसऱ्या रात्री अचानक धाप,
टेकून बसवलं तरी बुडत्यासारखा.
स्टेथोस्कोप टेकवला, तर दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत
फाटक्या कनातीतून वारा शिरावा तसा
बारीक, थंड आवाज.
मागची. एका धमनीवाली.
आयुष्यभर शिकवलेलं मी पहिल्यांदा ऐकत होते.
रुग्णवाहिका धुक्यातून दिल्लीला निघाली,
मुरैन्यापर्यंत रस्ता दिसतच नव्हता,
पुढच्या सीटवर मी त्याचा मफलर धरून बसलेली.

आता तो परत आपल्या स्टुलावर असतो.
धातूची झडप. हॉल शांत झाला की ऐकू येते,
टिक, टिक,
नवी मुलं स्वतःची घड्याळं कानाला लावून बघतात.
“घड़ी बिठा दी, मैडम. छुट्टी का टाइम अब मुझसे पूछो.”

काल ट्रे धुताना त्याने विचारलं,
झडपच बदलली, मग उरलेली खूँटी रिकामी?
नाही, म्हटलं. थोड्या दोऱ्या ठेवल्यात सर्जनने, मुद्दाम.
नाहीतर भिंत सैल पडते, पसरत जाते.
ते जे लागतं त्याला हिंदीत शब्द सापडेना.
खिंचाव म्हटलं. पुरेना.
मग म्हटलं, ओढ.

तीस वर्षं मराठी मॅडमांच्या हाताखाली काढलीत त्याने.
काही बोलला नाही.
चिमटा घेतला, ट्रेमधल्या शेवटच्या हृदयातली
एक दोरी हलकेच खाली खेचली.
वर पाळी हलली.
सोडली.
पुन्हा खेचली.